गुरुवारचा वर्ग

३१ मार्च २०२० च्या मध्यरात्री आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ आपल्या चादरीवरच्या मुंग्या वेचत होते. चादर धुतलेली होती आणि तिच्यावर एकही मुंगी नव्हती. त्यांना दरदरून घाम फुटला होता, अंगात ताप होता, हातांचा कंप थांबत नव्हता आणि मधूनच ते स्वतःच्या पत्नीला कंपनीतल्या सुपरवायझरच्या नावाने हाक मारीत होते. टाळेबंदी लागून जेमतेम आठवडा झाला होता. त्या वर्षी गुढीपाडवा आणि टाळेबंदीचा पहिला दिवस एकच आला होता, २५ मार्च. ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत खिडक्यांना गुढ्या लागल्या, पण पाडव्याला कोणी कोणाच्या घरी गेले नाही. अशा दिवसांत भाऊंना ताप आहे हे जिन्यात कळताच एकेक दार आतून बंद झाले. दाराआड उभ्या राहिलेल्यांमध्ये मीही होते.

तळमजल्यावरून माझा दादा मात्र तोंडाला रुमाल बांधून वर गेला. भाऊंच्या पत्नीने त्यांच्यासाठी बशीत ओतून आणलेला चहा तोवर त्यांच्या सदऱ्यावर सांडलेला होता. दादाने उंबऱ्याबाहेर उभे राहून सांगितले, "भाऊ, दोन्ही हात पुढे करा बघू." हात त्याने काही क्षण पाहिले आणि मग भाऊंच्या पत्नीकडे वळून विचारले, "यांनी शेवटची कधी घेतली?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. साठवून ठेवलेली शेवटची बाटली रविवारी दुपारी संपली, असे त्यांनी अखेर सांगितले. दादाने बोटांवर तास मोजले. "हा करोना नाही. दारू एकदम बंद झाली आहे म्हणून हे होतंय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं, सकाळची वाट बघू नका."

त्याला हे कळले, कारण तो स्वतः त्यातून गेलेला होता.

त्या रात्री पहिल्या रुग्णालयाने ताप ऐकूनच दारातून परत पाठवले. दुसरीकडे एका तरुण डॉक्टरांनी दादाचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, भाऊंना भरती केले, आणि सहा दिवसांनी भाऊ आपल्या पायांनी जिना चढून घरी आले. नंतर त्या डॉक्टरांनीच दादाला जे समजावून सांगितले ते मी इथे लिहिते, कारण ज्या घरात कोणी रोज पिणारे आहे त्या घराला हे ठाऊक असणे आवश्यक आहे. दारू मेंदूला मंदावते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू आपला वेग वाढवून तोल सांभाळायला शिकतो. दारू अचानक थांबली की मंदावणारे दडपण जाते आणि वाढलेला वेग तेवढा मागे उरतो. पहिल्या दिवसातच हात कापू लागतात, घाम येतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत केव्हाही फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भास, भ्रम, ताप आणि धावती नाडी असे सगळे एकदम गाठते. वैद्यकीय भाषेत त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस त्यात दगावतो. उपचार असतात, आणि ते फार दुर्मीळही नसतात: मेंदूचा वेग हळूहळू उतरवणारी औषधे, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने, सलाईन आणि सतत लक्ष. म्हणून खूप वर्षे रोज पिणाऱ्या माणसाला घरच्यांनी कोंडून ठेवून, शपथ घालून, एका दिवसात दारू सोडायला लावू नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दारूची दुकाने बंद झाली त्या आठवड्यात गॅलरीत उभ्या असलेल्या आम्हा बायकांचे एकमत होते की या संकटात निदान एवढे तरी बरे झाले. ज्यांच्या नवऱ्यांच्या हातून अनेक वर्षे पगाराचे पाकीट वाचले नव्हते त्या बायकांना असे वाटणे साहजिक होते, आणि त्यांच्या त्या समाधानाकडे मी आजही दोष देऊन पाहत नाही. पण बंद करणे म्हणजे बरे करणे असे आपण समजतो, ते किती अपुरे आहे हे त्या काळाने वारंवार दाखवले. ४ मेपासून राज्यात काही ठिकाणी दुकाने उघडली तेव्हा इतकी गर्दी झाली की मुंबईत दोन दिवसांतच ती पुन्हा बंद करावी लागली. त्या रांगांच्या चित्रफिती घरोघरी फिरल्या आणि लोक पोट धरून हसले. दादा हसला नाही. तो म्हणाला, "त्या रांगेत अर्धे लोक मजा करायला उभे असतील, पण अर्ध्यांचे हात बघ." पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, दुकाने पुन्हा बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी येथे सॅनिटायझर पिऊन माणसे मेली. ती बातमी वाचून दादाने वर्तमानपत्राची घडी घातली आणि दिवसभर कोणाशी बोलला नाही. सॅनिटायझर पिण्याइतका माणूस कशाने अगतिक होतो, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

दादाचे नाव मी लिहिणार नाही. तो ज्या समूहात जातो तिथे नाव न सांगण्याची रीत आहे आणि तिचा मान ठेवणे माझे कर्तव्य आहे. तो वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर. लेथवर काम करणाऱ्या माणसाचे सगळे नाव त्याच्या हातावर असते. मायक्रोमीटर लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडणारा हात. आमचे आईवडील गेले तोपर्यंत त्या हाताला सकाळी एक क्वार्टर पोटात गेल्याशिवाय मायक्रोमीटर धरता येत नव्हता. २०१० साली त्याच्या पत्नीने, माझ्या वहिनीने, त्याला पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात नेले. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या त्या केंद्रात तो पाच आठवडे राहिला आणि परत आल्यावर इथल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे सगळे ज्याला एए म्हणतात त्या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या समूहाच्या, गुरुवारच्या मीटिंगला जाऊ लागला.

ती मीटिंग एका शाळेच्या वर्गात भरते. मी स्वतः शाळेत शिकवते, म्हणून त्या खोलीबद्दल मला विशेष माया आहे. फळ्यावर सकाळच्या पाढ्यांची ओळ अर्धवट पुसलेली असते, भिंतीवर ऋतूंचे तक्ते असतात, आणि चौथीच्या मुलांसाठी केलेल्या बाकांवर रिक्षाचालक, बँकेतले अधिकारी, निवृत्त पोलीस, एक शल्यविशारद असे सगळे गुडघे दुमडून बसलेले असतात. कोणी कोणाला उपदेश करीत नाही. प्रत्येक जण उठून आपले सांगतो आणि बाकीचे ऐकतात, इतकेच तिथे घडते. ज्या मीटिंगांना घरच्यांना येऊ देतात त्यांतल्या काहींना मी गेले आहे. चहाची किटली सांभाळणे हे तिथले पहिले काम असते आणि ते दादाने पहिली दोन वर्षे केले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि त्यांच्याबरोबर तो वर्गही बंद झाला.

बाहेरच्या माणसाला याचे गांभीर्य चटकन जाणवणार नाही, कारण देवळेही बंद होती, लोकल बंद होत्या, आणि आठवड्याची एक बैठक चुकली तर असे काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. दहा वर्षे दारूला न शिवलेल्या माणसाला अजून मीटिंग कशाला हवी, हा प्रश्न मीही दादाला एकदा विचारला होता. तो म्हणाला, "मला दहा वर्षं झालेली नाहीत. मला फक्त आजचा दिवस झालाय." हे त्यांचे घोषवाक्यच आहे, पण त्याच्या तोंडून ते घोषवाक्यासारखे आले नाही.

मग त्या लोकांनी फोन हातात घेतले. एएचा आरंभच फोनवर झाला, हे दादाने मला त्या दिवसांत सांगितले. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन या गावी, दारू सोडून काही महिने झालेला एक शेअर दलाल कामानिमित्त आला होता. सौदा फिसकटला, हॉटेलातल्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते, आणि पुन्हा प्यायला लागू या भीतीने त्याने हॉटेलच्या फोनवरून गावातल्या चर्चना फोन लावायला सुरुवात केली, बोलायला आपल्यासारखाच एखादा पिणारा भेटेल का म्हणून. त्यातून तो एका सर्जनपर्यंत पोहोचला, दोघे तासन् तास बोलत बसले, आणि पुढे जगभर पसरलेली चळवळ त्या बोलण्यातून उभी राहिली. दादाला ही हकिकत टाळेबंदीत फार आधाराची वाटत असे.

एप्रिलअखेरीस ठाण्याच्या त्या समूहाची मीटिंग झूमवर सुरू झाली. दादाच्या मुलीने पुण्याहून फोनवर त्याला सगळे शिकवले. पण दोन खोल्यांच्या घरात, जिथे स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी बाहेरच्या खोलीत ऐकू येते, तिथे माणसाने आपल्या आयुष्यातल्या सर्वांत लाजिरवाण्या गोष्टी मोठ्याने कशा सांगाव्यात? ज्या बायकोला मारले तिचीच पाठ समोर दिसत असताना ते कसे बोलावे? दादा फोन घेऊन गच्चीवर जात असे. मुंब्र्याचा एक रिक्षाचालक आपल्या बंद रिक्षात मागच्या सीटवर बसून बोलायचा. पडद्यावर त्याच्या चेहऱ्यामागे रिक्षाचे रेक्झिन दिसायचे. काही जण फक्त ऐकायचे आणि आपला कॅमेरा कधीच सुरू करायचे नाहीत. एक सभासद असाच दोन आठवडे अंधाऱ्या चौकोनातून ऐकत राहिला आणि तिसऱ्या आठवड्यात तो चौकोनही दिसला नाही. शाळेच्या वर्गात असता तर त्याच्या तोंडाचा वास शेजारच्याला आला असता, कोणीतरी त्याला घरापर्यंत सोडायला गेले असते. फोनच्या मीटिंगांनी अनेकांना तारले, कोकणात गावी अडकलेले आणि आखातात नोकरीला असलेले जुने सभासदही त्यामुळे परत जोडले गेले, हे मी मान्य करते; तरीही शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाला जे कळते ते पडद्याला कळत नाही, असे माझे मत त्या वर्षाने पक्के केले.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम राज्यभर सुरू झाली आणि सर्वेक्षणाचे काम माझ्याही वाट्याला आले. हातात ऑक्सिमीटर, थर्मल गन आणि नोंदीचे कागद घेऊन आम्ही लोकमान्य नगरच्या चढावरची घरे एकामागून एक पालथी घालीत होतो. ताप किती, ऑक्सिजन किती, मधुमेह आहे का, रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोग. काम महत्त्वाचे होते, त्यातून कितीतरी रुग्ण वेळेवर सापडले, आणि ते केल्याचा मला अभिमान आहे. पण एका घरातली गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. नवरा हॉटेलात कामाला होता, हॉटेल मार्चपासून बंद होते. त्याच्या बोटाला यंत्र लावले, ९८ आकडा आला, मी नोंद केली आणि निघाले. त्याची बायको रिकामी बादली घेऊन आमच्यामागे जिन्यापर्यंत आली. पाण्याची वेळ नव्हती. हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, अजून एक विचारायचं होतं. तुमच्या कागदात ते असतं का?" तो पूर्वी सणासुदीला घ्यायचा, आता दुपारपासून बसतो, रात्री झोपत नाही, मुलांवर ओरडतो आणि मग एकटाच रडतो. मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला, जणू एखादा रकाना माझ्या नजरेतून सुटला असावा. तसा रकाना नव्हता. मी कागदाच्या कोपऱ्यावर दादाचा नंबर लिहिला आणि तो तुकडा फाडून तिला दिला. तिने तो ब्लाऊजमध्ये खोचला आणि रिकामी बादली घेऊन परत गेली.

दादाला तिचा फोन आला नाही. दिवाळीनंतर मी तिथे गेले तेव्हा घराला कुलूप होते, मंडळी गावी गेली असे शेजाऱ्यांनी सांगितले.

महामारीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंताविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केले. तो आकडा वाचला तेव्हा मला ती बादली आठवली. आपल्याकडे तर मुळातच मदत तोकडी होती. २०१९ मध्ये, म्हणजे करोनाच्या आधी, केंद्र शासनाने एम्सकडून करवून घेतलेल्या व्यसनविषयक देशव्यापी पाहणीचा अहवाल आला होता. दारूचे व्यसन जडलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळतो आणि रुग्णालयात राहून उपचार मिळणारा १८० मध्ये एक, असे त्यात म्हटले आहे. माझ्या वर्गात चाळीस मुले असतात. हजेरी घेताना कधीकधी तो अडतीसचा आकडा मनात येतो आणि मी एका मुलाच्या नावापाशी क्षणभर थांबते.

दुसरी लाट आली तेव्हा वहिनी गेली. एप्रिल २०२१ मधल्या त्या दहा दिवसांबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. ऑक्सिजनसाठी केलेले फोन, खाटेसाठी रात्रभर घातलेल्या खेपा, आणि शेवटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला देह दहा पावलांवरून पाहणे, हे त्या महिन्यात इतक्या घरांनी अनुभवले आहे की वाचणाऱ्यांना ते माझ्याहून अधिक आठवत असेल. दादा रडला नाही. तेराव्याला माणसे जमवायची नव्हती, म्हणून लोकांनी फोन केले, आणि जवळपास प्रत्येकाने मला एकच गोष्ट सांगितली, की तुझा भाऊ फार खंबीर आहे, एवढे होऊनही त्याने दारूला हात लावला नाही. मीही ते अभिमानाने पुढे सांगत राहिले. माणूस खंबीर आहे असे एकदा सगळ्यांनी मिळून ठरवले की त्याला कसा आहेस हे विचारायचे राहून जाते.

२ एप्रिल २०२२ रोजी, पुन्हा गुढीपाडव्याला, राज्यातले करोनाचे सगळे निर्बंध उठले. तलावपाळीला त्या संध्याकाळी अशी गर्दी होती की मासुंदा तलावाचा काठ दिसत नव्हता. दोन वर्षांनी शोभायात्रा निघाली होती, ढोल वाजत होते, माणसे मास्क काढून एकमेकांचे फोटो घेत होती. त्याच महिन्यात वहिनीचे वर्षश्राद्ध झाले, आणि त्याच महिन्यात दादाने बारा वर्षांनी पहिला पेला घेतला. सगळे जग मोकळे झाले त्या महिन्यात तो का घसरला, हे मला फार उशिरा उमगले. संकट चालू असताना प्रत्येक जण त्याच्यासारखाच अडकलेला होता. ते संपले असे जाहीर झाल्यावर बाकीचे आपापल्या घरी परतले आणि दादा मात्र रिकाम्या घरी परतला.

मला ते बाटलीवरून कळले नाही. दादाने आयुष्यभर चहा बशीत ओतून प्यायलेला आहे; पिणे सुटल्यानंतर तर तो हे अधिकच सावकाश करीत असे, काठोकाठ भरलेली बशी एका हाताच्या पाच बोटांवर तोलून, तिच्यातला चहा जरासुद्धा न हलवता. ती त्याची रोजची परीक्षा होती असे मला वाटते. जूनमधल्या एका सकाळी मी त्याच्याकडे चहा केला आणि कपबशी पुढे ठेवली. त्याने बशी बाजूला सारली आणि कप दोन्ही तळव्यांत धरून तोंड खाली नेले. मी काही बोलले नाही. त्यानेही मान वर केली नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मी सगळ्या चुका केल्या. कपाटे तपासली, खिसे उलटे केले, सापडलेली चपटी मोरीत ओतली, वहिनीच्या फोटोसमोर उभे करून शपथ घ्यायला लावली. एकदा त्याला बाहेरून कडी लावून शाळेत गेले. दोन वर्षांपूर्वी भाऊंच्या दारात तो जे बोलला होता ते सगळे माझ्या डोक्यात असूनही भीतीने मी कडी लावली. दोन तासांनी शाळेतून धावत परत आले. शाळेचा वर्ग तोवर पुन्हा उघडला होता, गुरुवारची मीटिंग भरत होती, आणि नेमका दादा तिथे जात नव्हता. ज्यांना त्याने हाताला धरून पिण्यातून बाहेर काढले होते त्यांच्यासमोर बारा वर्षांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची त्याला लाज वाटत होती.

एका गुरुवारी सात वाजता दारात मुंब्र्याचा तो रिक्षाचालक उभा राहिला. मी त्याला त्याआधी फक्त पडद्यावर पाहिले होते. त्याने आत पाहिले, दादाचे हात पाहिले, आणि म्हणाला, "दादा, मी खाली गाडीत बसतो. तुम्ही या, नका येऊ. मी नऊपर्यंत थांबणार आहे." पावणेनऊला दादा खाली उतरला. त्याने दादाला मीटिंगला नेले नाही. सरळ डॉक्टरांकडे नेले. रोज पिणे सुरू झालेल्या माणसाला आधी वैद्यकीय देखरेख लागते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

त्या डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञ होत्या. इथे ठाणेकर म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आमच्या शहरात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, आणि त्यामुळे कोणी विचित्र वागले की "याला ठाण्याला पाठवा" म्हणायची पद्धत मराठीत रुळली आहे. बाहेरगावच्या नातेवाइकांच्या लग्नात ते वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. याच शहरात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० पासून आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था उभी केली, मनाच्या आजारांबद्दल साध्या मराठीत, न लाजता बोलायला हजारो घरांना शिकवले; असे असूनही दवाखान्याच्या पायऱ्या चढताना दादा मला म्हणाला, "शेवटी ठाण्यातच पाठवलंस ना." शब्द माणसाला किती वर्षे पायरीवर अडवून धरतात ते मी त्या क्षणी पाहिले.

डॉक्टरांनी दारूबद्दल विचारले, झोपेबद्दल विचारले, आणि मग वहिनीबद्दल विचारले. दादा बोलू लागला आणि अर्धा तास बोलत राहिला. शेवटचा फोन ऑक्सिजन लावलेला असताना आला होता आणि तिला काय म्हणायचे होते ते त्याला ऐकू आले नव्हते, हे त्याने चौदा महिन्यांत कोणालाच सांगितले नव्हते. मी शेजारी बसले होते. मलाही ते तेव्हाच कळले. डॉक्टरांनी निदान केले ते दोन आजारांचे, व्यसनाचे आणि नैराश्याचे, आणि दोन्हींवर एकाच वेळी उपचार करावे लागतील असे सांगितले; एकाला सोडून दुसऱ्याला हात घातला तर सोडलेला आजार दुसऱ्याला पुन्हा घेऊन येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांचा मानसिक आजारांच्या व्याख्येत समावेश आहे आणि अशा आजारांना विमा शारीरिक आजारांप्रमाणेच मिळाला पाहिजे असे तो कायदा सांगतो. हे मी भेटेल त्याला सांगते, कारण अजूनही पुष्कळ घरांत हा संस्कारांचा प्रश्न समजला जातो.

मी स्वतः अल-अनॉनच्या मीटिंगला जाऊ लागले. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेला हा समूह १९५१ पासून जगात चालू आहे. वहिनी तिथे जात असे आणि मला बोलावत असे, तेव्हा मी मला कुठे काय झाले आहे, असे म्हणून टाळत असे. तिथे पहिल्या दिवशी मी कडी लावल्याचे सांगितले. समोर बसलेल्या एका आजींनी नुसती मान हलवली. त्यांनीही कधीतरी कडी लावली असावी.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक, तो निःशुल्क आहे आणि मराठीतूनही बोलता येते. पालकसभेला मी हा क्रमांक फळ्यावर लिहिते. कोणाच्या घरात काय चालले आहे हे विचारीत नाही. सभा संपल्यावर एखादी आई आपल्या मुलाची वही पाहण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळते आणि फळ्याकडे पाहत क्रमांक मोबाइलवर टिपून घेते.

दादाने एकपासून मोजायला सुरुवात केली त्याला २०२४ च्या पावसाळ्यात दोन वर्षे झाली. सभासदाच्या दारूमुक्तीचा वाढदिवस त्या वर्गात साजरा करतात आणि त्या दिवशी घरच्यांनाही बोलावतात. मी किटली घेऊन चहा देत होते. बाहेर धो धो पाऊस होता. मीटिंग सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी एक पंचविशीतला मुलगा भिजलेली बॅग छातीशी धरून दारात येऊन उभा राहिला. ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला होता, घरून काम करताना संध्याकाळी सातला लॅपटॉप मिटून बाटली उघडायची सवय लागली, कार्यालय पुन्हा सुरू झाले तरी ती गेली नाही, हे त्याने नंतर सांगितले. तेव्हा तो फक्त दारात उभा होता आणि आत यावे की नाही हे ठरवत होता. दादा उठला, त्याला शेवटच्या बाकावर आपल्या शेजारी बसवले. मी लगबगीने एक ग्लास भरून त्याच्यापुढे नेला. दादाने तो माझ्या हातून मधल्यामध्ये घेतला, अर्धा चहा परत किटलीत ओतला, आणि मग ग्लास त्या मुलाच्या पुढे ठेवला. मुलाने तो दोन्ही हातांनी उचलला. चहा ग्लासात हिंदकळत राहिला, पण सांडला नाही.